झाकणावरचा दगड

मित्रांनो, मी प्रवाळाचा एक जुना तुकडा आहे. आकाराने नारळाएवढा, रंगाने आता पांढरा आणि स्वभावाने जरा चौकस. आज तुम्ही मला काचेच्या कपाटात बघता. वरून दिवा सोडलेला असतो. काचेला नाक लावून तुम्ही म्हणता, "केवढा छान!" ऐकून बरे वाटते, खोटे कशाला बोलू? पण माझ्या आयुष्याचा जमाखर्च मांडला, तर कपाटातली वर्षे थोडी आणि लोकांच्या पायांशी काढलेली जास्त भरतील. आधी मी एका पिंपाच्या झाकणावरचा दगड होतो. मग एका दाराचा अडसर झालो. माणसे ज्याला दगड समजतात त्याच्यासमोर अगदी मोकळेपणी बोलतात. म्हणून मला त्यांच्याबद्दल बरेच ठाऊक आहे, आणि त्यांना माझ्याबद्दल फार उशिरा कळले.

माझा जन्म एका उष्ण समुद्रातल्या लहानशा बेटापाशी झाला. "मी" म्हणतो खरा, पण तेव्हा मी एकटा नव्हतो. मोहरीच्या दाण्याएवढे हजारो जीव मिळून मी होतो. प्रत्येकाने समुद्रातून चुना गोळा करायचा, स्वतःपुरती एक वाटी बांधायची आणि तिच्यात राहायचे. जागा अपुरी पडली की शेजारी नवी वाटी. शेजाऱ्याची भिंत तीच आपली भिंत. एवढ्या मोठ्या एकत्र कुटुंबात भिंतीवरून भांडण झालेले मला आठवत नाही. पुढे माणसांची घरे बघितली तेव्हा याचे मोल कळले.

त्या बेटाभोवती प्रवाळाच्या खडकांचे कडे होते. कड्याच्या बाहेर समुद्र, तो दिवसरात्र थपडा मारायचा. कड्याच्या आत उथळ तळे, ते आरशासारखे निवांत. आणि कड्याला एके ठिकाणी खिंड होती, तिच्यातून होड्या येत-जात. मी वाढलो तो बरोबर त्या खिंडीच्या काठावर. समुद्राकडची माझी बाजू रोज मार खायची, म्हणून तिकडे आम्ही बुटके, जाडजूड आणि अंग चोरून वाढलो. तळ्याकडे मार नव्हता, तिकडे आमच्या बारीक लांब फांद्या निघाल्या, हात पसरून बसल्यासारख्या. एकाच अंगाच्या दोन तऱ्हा. आम्हाला त्यात काही विशेष वाटत नसे. घराची रस्त्याकडची खिडकी लहान ठेवतात आणि आतल्या बाजूचे दार मोठे, म्हणून काही ती दोन घरे होत नाहीत.

मग एके वर्षी सर आणि बाई आले.

ही दोघे नवरा-बायको. दोघेही एका संग्रहालयात कामाला होती, आणि दोघांचेही काम एकच: त्या बेटाभोवती प्रवाळाच्या किती प्रजाती आहेत ते शोधायचे, प्रत्येकीचे थोडे नमुने घ्यायचे, ओळख पटवायची आणि शेवटी एक मोठे पुस्तक करायचे. विद्यार्थी त्यांना सर आणि बाई म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. बाई माशासारख्या पोहत. सरांना पोहता येत नसे. पाणी कमरेच्या वर आले की सर हवामानाबद्दल बोलू लागत. त्यामुळे कामाची वाटणी आपोआप झाली. सर आतल्या उथळ तळ्यात वाकून वेचायचे आणि बाई बाहेर लाटांखाली बुडी मारायच्या. खिंडीतून दोघेही रोज जात, पण होडीतून, घाईत. खिंडीत कुणी कधी उतरले नाही.

आणखी एक खोड दोघांना सारखीच होती. नमुना घ्यायचा तो ठसठशीत घ्यायचा. बारीक फांद्यांचा हवा तर अगदी बारीक फांद्यांचा, जाड हवा तर चांगला जाड. अधलामधला दिसला की म्हणायचे, "हा नको, हा नीट नाही." आपल्याला जे दाखवायचे आहे ते स्पष्ट दाखवणारेच निवडायचे, आणि मग म्हणायचे, "बघा, किती स्पष्ट आहे!" मला वाटते, माणसे एरवीही असेच करतात. पण तो विषय मोठा आहे.

आता माझ्यावर वेळ कशी आली ते सांगतो. त्या दिवशी बाई कड्याबाहेर पाण्याखाली होत्या आणि सर होडीत एकटे. ओहोटी लागली, पाणी खिंडीतून बाहेर ओढू लागले आणि होडी सरांना न विचारता मोठ्या समुद्राकडे निघाली. सरांची घाबरगुंडी उडाली. त्यांनी दोन्ही हातांनी नांगर उचलला आणि खाली न बघता सोडून दिला. तो आला तो थेट माझ्या बुंध्यावर.

यातली गंमत अशी, की "नांगर वाळूवरच टाकायचा, प्रवाळावर नाही," हा नियम सरांचाच. आदल्या दिवशी त्यांनी किनाऱ्यावरच्या मासेमारांना गोळा करून यावर लांबलचक भाषण दिले होते. मासेमारांनी ते शांतपणे ऐकून घेतले. शेवटी त्यांच्यातल्या एकाने एवढेच विचारले, "साहेब, होडी स्वतः चालवता का कधी?"

मी नांगराच्या फाळात अडकून वर आलो. हवा लागली की आमचे जीव फार काळ टिकत नाहीत. सरांना ते माहीत होते. त्यांचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही. त्यांनी मला ओल्या पोत्याखाली ठेवले, जसे लहान मूल फुटलेली बशी लपवून ठेवते.

पण बाईंचे डोळे! वर आल्या आल्या त्यांनी पोते उचलले. "हा कुठून आणलास?"

"पडलेला होता," सर म्हणाले.

हे अगदीच खोटे नव्हते. मी पडलेलाच होतो. कुणी पाडले, एवढेच सांगायचे राहिले.

"पडलेला कशाला घेतलास? लाटांनी कुठून लोटत आणला असेल कोण जाणे. घासून घासून झिजला असेल. पडलेल्याचा काय भरवसा!"

"नाही, म्हटलं, वजनाला होईल."

आणि मी वजनाला झालो. किनाऱ्यावर एक मोठे पिंप होते. त्यात ब्लीचचे पाणी असे आणि गोळा केलेले नमुने त्यात बुडवून ठेवत. आतले मऊ सगळे निघून जायचे आणि पांढरा शुभ्र सांगाडा उरायचा. मग तो धुऊन, उन्हात वाळवून, त्याला तारेने चिठ्ठी बांधत: कुठे मिळाला, किती खोल, कुणी घेतला. चिठ्ठी नसलेला नमुना म्हणजे दगड, असे बाई म्हणत. त्या पिंपाचे झाकण वाऱ्याने उडायचे. त्यावर मला ठेवले. माझे भाऊबंद आत न्हाऊन निघत होते आणि मी वर मळक्या अंगाने पहारा करत होतो. मला ना अंघोळ, ना चिठ्ठी.

सामान बांधताना हमालाने पिंप, झाकण आणि झाकणावरचा दगड असे तिन्ही एकत्र बांधले. अशा रीतीने मी शहरात आलो.

संग्रहालयात वरच्या मजल्यावर एक लांबट खोली होती. मधे टेबल, त्यावर दोन दिवे, दोन सूक्ष्मदर्शक आणि दोन चहाचे कप. भिंतीभर छतापर्यंत लाकडी खण. प्रत्येक खणात कापसावर झोपवलेली प्रवाळे. खोलीचे दार वाऱ्याने धाडकन आपटायचे, आणि आपटले की सगळे खण आतून कुरकुरायचे. मला त्या दाराशी ठेवले. येता-जाता कुणाचाही पाय लागे. तिथून मला टेबलाखालचे पाय नीट दिसत, आणि पाय खोटे बोलत नाहीत. सरांना शंका आली की त्यांचा डावा पाय हलायचा. बाई रागावल्या की चपलेतून पाय बाहेर काढायच्या.

दोघांचे काम बघण्यासारखे होते. एक नमुना घ्यायचा, दिव्याखाली धरायचा, वाट्या किती रुंद ते मोजायचे, वाटीच्या आतले पडदे मोजायचे, काठ पातळ की जाड ते बघायचे. मग जुनी चित्रे काढून ताडून बघायचे. जुळले तर त्या खणात. नाही जुळले तर भांडण. कारण सर फोडणारे आणि बाई जोडणाऱ्या. सरांना दोन तुकड्यांत जरासा फरक दिसला की दोन प्रजाती कराव्याशा वाटत. बाईंना वाटे, आहेत सगळे एकाच घरातले.

सरांनी तळ्यातून आणलेली बारीक फांद्यांची प्रवाळे कुठल्याच जुन्या चित्राशी जुळेनात. बाईंनी बाहेरून आणलेली जाड प्रवाळे मात्र एका फार जुन्या, सर्वांना माहीत असलेल्या प्रजातीची होती.

"अगं, ही बारीक नवीनच आहे. वाटीचा काठ बघ किती पातळ!"

"तिथे लाटा नाहीत म्हणून पातळ. तूसुद्धा लग्नाआधी बारीक होतास. खुर्चीत बसून पोट सुटलं, म्हणून मी तुला नवी प्रजाती म्हणू का?"

"पोटाचं काढू नकोस. पुरावा दे. या दोघांच्या मधला एक तरी तुकडा दाखव."

मधला तुकडा दाराशी बसून ऐकत होता. पण माझ्या अंगावर बेटावरची घाण, शेवाळ आणि वर खोलीतली धूळ. मला कोण विचारतो! बाईंकडे पुरावा नव्हता, सरांकडे तळ्यातले खणभर नमुने होते. शेवटी नवी प्रजाती जाहीर झाली. आणि सरांनी तिला नाव दिले ते सासूबाईंचे.

या सासूबाई, म्हणजे बाईंच्या आई, त्यांना सगळे आजी म्हणत. लग्नाच्या वेळी त्यांनी सरांना साफ नकार दिला होता. "दगड वेचणाऱ्याला मुलगी देऊन ती काय खाणार, दगड?" असे त्या म्हणाल्या होत्या. पण पुढे हीच दोघे बेटावर गेली की नात आजींकडे असे. तिचे दुखणे-खुपणे, शाळा, वेण्या, सगळे आजींनी केले. नमुने ठेवायच्या जाड कापडी पिशव्याही त्यांनीच शिवून दिल्या, दुहेरी टाक्याच्या. सरांना याची जाण होती. नाव कुणाचे द्यायचे यावर त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. त्या दिवशी बाईंचे पाय चपलेतच होते. शंका त्यांच्या मनात होतीच, पण आईचे नाव म्हटल्यावर त्या काही बोलल्या नाहीत.

आणि आजी? आजींनी ती बातमी पोटात ठेवली असे कुणी म्हणू नये. दूधवाला, बँकेतली मुलगी, कोपऱ्यावरचा औषधवाला, डोळ्यांचा डॉक्टर, सगळ्यांना त्यांनी एकेक करून सांगितले, "समुद्रात माझ्या नावाचं उगवतं." औषधवाल्याने विचारले, "आजी, माशाचं काही आहे का?" त्यावर त्यांनी दुसऱ्या दुकानातून औषधे आणायला सुरुवात केली. त्याने माफी मागितली तेव्हा कुठे परत गेल्या.

वर्षे गेली. पुस्तक लिहून झाले. छापायला जायचे तेवढे उरले. सरांच्या नव्या प्रजातीला त्यात एक पूर्ण पान होते, मोठ्या फोटोसकट.

त्या सुमारास खोली साफ करायला एक मावशी येत. हात चालू आणि तोंडही चालू. पुस्तकासाठी कुणी बडे पाहुणे यायचे होते, म्हणून मावशींनी सगळी खोली घासायला काढली. मला बघून त्या म्हणाल्या, "हा मेला इथे कुणी ठेवला? सगळीकडे चकचकीत आणि दारात हे ध्यान!" आणि त्यांनी मला उचलून फरशीच्या ब्लीचच्या बादलीत टाकले आणि तिथेच विसरून घरी गेल्या. ज्या अंघोळीसाठी माझे भाऊबंद समारंभाने पिंपात उतरले होते, ती मला फरशीच्या बादलीत मिळाली. पण मिळाली! सकाळी मावशींनी मला बाहेर काढून दाराशी ठेवले तेव्हा मी दुधासारखा पांढरा होतो.

बाई आल्या. दारातच थांबल्या. खाली बसल्या. त्यांनी मला दोन्ही हातांत घेतले. इतक्या वर्षांत मला कुणी दोन हातांनी उचलले नव्हते. टेबलावर नेले, दिवा जवळ ओढला आणि भिंग लावले. एका बाजूला जाड बुटके गाठोडे, ते त्यांच्या बाहेरच्या नमुन्यांसारखे. दुसऱ्या बाजूला बारीक फांद्या, त्या सरांच्या नव्या प्रजातीसारख्या. मध्ये हळूहळू बदलत गेलेल्या वाट्या. त्यांनी शिवण शोधली. दोन वेगवेगळी प्रवाळे एकमेकांना चिकटून वाढली, तर मध्ये रेघ दिसते. रेघ नव्हती.

सर आले तेव्हा बाईंचे दोन्ही पाय चपलांबाहेर होते.

"हा झाकणावरचा," बाई म्हणाल्या. "पडलेला होता म्हणालास. कुठे?"

सरांनी मला पाहिले. भिंगाची त्यांना गरजच पडली नाही. इतकी वर्षे नमुने बघणाऱ्या माणसाला लांबूनही कळते. त्यांचा डावा पाय हलू लागला.

"आठवत नाही," ते म्हणाले.

"आठव. कारण पडलेला असेल, तर ही जाड बाजू घासून झिजलेली असू शकते. वर इथलं दार इतकी वर्षं हिच्यावर आपटतंय. मग याला काही अर्थ नाही. पण जिवंत असताना, जागेवरून काढलेला असेल..."

"नाही आठवत गं."

बाईंनी दिवा विझवला. मग त्यांनी मला उचलले आणि हळूच परत दाराशी ठेवले. "मग दगडच," त्या म्हणाल्या. आवाजात सुटल्यासारखे काहीतरी होते, ते मला तेव्हाच ऐकू आले. मित्रांनो, इथे नीट बघा. एकाला खरे माहीत होते आणि दुसरीला ते कळलेले होते. दोघेही एकाच माणसासाठी गप्प बसली होती, आणि दोघांनाही वाटत होते की आपण एकटेच गप्प आहोत. दुपारी दोघांचेही डबे न उघडता बंद राहिले.

आणि नेमक्या त्याच दुपारी आजी आल्या. पुस्तकातले त्यांचे पान तपासण्यापुरते छापून आले होते, ते बघायला. कपडे ठेवणीतले, चष्मा पुसलेला, जिना चढून धाप लागलेली. खुर्चीत बसल्या आणि पान हातात घेतले. आधी फोटो बघितला. मग बोट ठेवून आपले नाव वाचले. मग परत फोटो बघितला.

"नाकीडोळी बरी आहे," त्या म्हणाल्या. "जावईबापू, चहा गार झाला तुमचा."

सरांनी कपाकडे बघितलेही नाही. "आई, हे पान छापायचं नाही."

"का? फोटो बिघडलाय?"

"ही वेगळी प्रजाती नाही. ही जुनीच आहे. लाटांत वाढली की जाड होते, शांत पाण्यात वाढली की बारीक. मी बारीक तेवढ्या बघितल्या."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"त्यानं," सर म्हणाले, आणि माझ्याकडे बोट केले. "तो पडलेला नव्हता. मी पाडला. खिंडीत, नांगरानं. जिवंत होता, जागच्या जागी घट्ट होता. जाड बाजू समुद्राकडे आणि बारीक बाजू तळ्याकडे. मला सगळं आठवतंय."

बाई वळल्या. "नांगरानं?"

"हो."

"म्हणजे ते भाषण..."

"भाषण आदल्या दिवशी झालं होतं."

बाईंनी तोंडावर हात धरला. आधी मला वाटले रडताहेत. मग खांदे हलू लागले आणि त्या इतक्या हसल्या की टेबलावरची मापे घ्यायची कॅलिपर खाली पडली. सर बिचारे उभे. आपल्याला हसायची परवानगी आहे की नाही, हे त्यांना ठरवता येईना.

"तुम्ही दोघं मागाहून हसा," आजी म्हणाल्या. "आधी माझं काय झालं ते सांगा."

हसणे थांबले. "तुमचं नाव जुन्या नावाखाली जाईल, आई," सर म्हणाले. "पुसत नाहीत ते कधी. पण बारीक अक्षरात राहतं. कुणी शोधलं तर सापडतं."

"बारीक अक्षरात." आजींनी पान टेबलावर पालथे ठेवले. "म्हणजे तुमच्या नांगरानं मलाच बुडवलं म्हणायचं."

"हो."

"आणि तू गं? तू काय खाली बघतेस?"

"आई, मला सकाळीच दिसलं होतं," बाई म्हणाल्या. "मी याला परत दाराशी ठेवून दिला."

"का?"

"तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी!" आजींचा आवाज चढला. "मला समुद्रातलं काय कळतं? पण उद्या कुणी परका येऊन हे शोधून काढणार, आणि तो औषधवाला काउंटरवर वाकून मला विचारणार, 'काय आजी, जावयानं फसवलं वाटतं?' ते चाललं असतं तुला?"

आजींनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि सरांकडे बघत राहिल्या.

"लग्न झालं तेव्हा माझं माहेरचं नाव असंच बारीक अक्षरात गेलं," त्या म्हणाल्या. "तेव्हा कुणी समोर उभं राहून सांगितलं नाही हो मला. कुणाचा चहाही गार झाला नाही." मग त्यांनी सरांचा कप पुढे सरकवला. "जा, गरम करून आणा. तिघांना आणा."

सर चहा आणायला गेले तेव्हा त्यांची चाल मी खालून बघितली. बेटावरून आल्यापासून इतकी हलकी चाल मी पाहिली नव्हती.

पुस्तक मागे पडले. वरिष्ठ कुरकुरले, छापखानाही कुरकुरला. पुढच्या हंगामात सर आणि बाई पुन्हा बेटावर गेली, आणि या वेळी सर खिंडीत उतरले. कमरेला हवा भरलेली कडी, एक हात बाईंच्या हातात, दुसरा होडीच्या काठावर. परत आल्यावर बाई हे सांगत होत्या आणि सर "एवढं काही नाही," म्हणत होते. खिंडीच्या दोन्ही काठांवर माझे सारे गणगोत होते: जाड, जरा कमी जाड, मधले, बारीक होत चाललेले, बारीक. बाहेरून आतपर्यंत एका ओळीत. इतकी वर्षे रोज त्यांच्यावरून होडी गेली होती. दोघांनी त्यांचे फोटो काढले, मापे घेतली आणि एकही फांदी तोडली नाही. माझ्या जुन्या बुंध्यावर बोटभर नवे कोंभ आलेलेही बाईंनी पाहिले. दोन्ही तऱ्हांचे, म्हणाल्या. हे ऐकून मला किती समाधान वाटले ते सांगता यायचे नाही.

पुस्तकात एक प्रजाती कमी झाली आणि एक प्रकरण वाढले. ते प्रकरण माझ्यावर आहे. लोक ते वाचून लांबून लांबून पत्रे पाठवतात म्हणे.

मला चिठ्ठी मिळाली, तीही बाईंच्या हातची. ठिकाण: खिंड. खोली: होडीतून हात पुरेल एवढी. मग "गोळा करणारा" या शब्दापुढे बाई थोड्या थांबल्या आणि त्यांनी लिहिले, "नांगर."

"अगं, हे कायमचं राहणार आहे," सर म्हणाले.

"खरं आहे ना? मग राहू दे."

आणि मी काचेच्या कपाटात आलो. पहिल्याच आठवड्यात आजी आल्या. एकट्या नव्हेत, औषधवाल्याला घेऊन. त्याला त्यांनी माझ्यासमोर उभे केले.

"हा बघा. यानं माझं नाव घालवलं."

"अरेरे," औषधवाला म्हणाला. "म्हणजे आता काहीच नाही तुमच्या नावाचं?"

"आहे की. बारीक अक्षरात आहे. तुमचं तर तेवढंही नाही." मग त्यांनी काचेवर बोट टेकले. "जावयानं दिलं होतं, जावयानंच येऊन सांगितलं की चुकलं. गप्प बसला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. बसला नाही. असा जावई आहे का तुमच्या ओळखीत?"

औषधवाल्याने बराच विचार केला आणि "नाही," म्हणाला. आजी तेवढ्यावर खूश होऊन घरी गेल्या.

मित्रांनो, माझी गोष्ट ही एवढी. मला जपा, असे मी म्हणणार नाही. मी वाळलो आहे, टिकाऊ आहे आणि माझ्यावर आता काच आहे. पण समुद्रात माझे जिवंत भाऊबंद आहेत, त्यांच्यावर काच नाही. कधी त्या बाजूला गेलात तर सुंदर दिसले म्हणून फांदी तोडून खिशात घालू नका. घरी नेईपर्यंत तिचा रंगही जातो आणि जीवही. होडी थांबवायची असेल, तर आधी वाकून खाली बघा आणि वाळू दिसली तरच नांगर सोडा.

आणि तुमच्याकडे वस्तूंचे, पानांचे, शंखांचे काही संग्रह असतील, तर त्यांत अधलामधला, नीट न बसणारा, कुठल्या खणात ठेवावा ते न कळणारा एखादा निघेलच. त्याला दाराला लावू नका. तो कुठे मिळाला ते लगेच लिहून ठेवा. आणि मिळवताना तुमच्या हातून काही मोडले असेल, तर तेही लिहा. लिहिताना जरा अवघड जाते, सरांनाही गेले. पण ते परवा या कपाटापाशी शाळेच्या मुलांना घेऊन आले होते. माझी चिठ्ठी त्यांनी मोठ्याने वाचून दाखवली, शेवटच्या शब्दासकट. मुले खदाखदा हसली, आणि सर सगळ्यांत मोठ्याने हसत होते.